वय पस्तीस, आक्खाजीला तोच प्रश्न, मग करायचं काय

आक्खाजीला (आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया) माहेरी गेलं की झोक्यावर बसायच्या आधीच मावशी विचारते, "काय वं, काही खबर शे का?" म्हणजे दिवस गेले का. मी ते सदतिसाव्या वर्षापर्यंत ऐकलं. आपल्याकडे क्रम उलटा असतो, आधी नवस, मग बाईच्या तपासण्या आणि नवऱ्याची टेस्ट सगळ्यात शेवटी. कानबाईला (आमची खानदेशची देवी) नवस जरूर बोला पण वर्ष वाया घालवू नका एवढंच सांगायचंय.

आधी वयाचं गणित. केळी कापली तरी बुडाशी पिलं फुटत राहतात, बाईच्या अंडाशयाचं तसं नाही, जन्माला येतानाच १० ते २० लाख बीजं घेऊन येतो आपण, पाळी सुरू होते तेव्हा ३ ते ५ लाख उरतात आणि सदतिशीला साधारण २५ हजार, नवीन एकही तयार होत नाही. संख्येपेक्षा मोठी भानगड क्वालिटीची, जुन्या बीजात क्रोमोसोमची गडबड जास्त, म्हणून गर्भपातही वाढतात. पंचविशीत दर महिन्याला साधारण चारात एक चान्स असतो, चाळिशीला दहात एक पण नाही. म्हणजे चाळिशीत होतच नाही असं नाही हं, वेळ लागतो आणि वेळच कमी असतो.

आता करायचं काय. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून मग डॉक्टर, पस्तीस झाली की सहा महिने, चाळीस पार असेल तर थांबूच नका लगेच जा. पाळी फारच अनियमित असेल किंवा आधी पोटाचा टीबी, गर्भनळ्यांचं ऑपरेशन झालेलं असेल तर कुठल्याही वयात लवकर दाखवा.

दिवस धरताना लोक पाळीचा चौदावा दिवस पकडून बसतात, पण बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं, पाळी ३२ दिवसांची असेल तर अठराव्या दिवसाच्या आसपास. बीज जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत, म्हणून आधीचे पाच-सहा दिवस एकाआड एक संबंध ठेवले की झालं.

आणि नवऱ्याला सोबत न्या!! वीर्य तपासणी ही सगळ्यात स्वस्त आणि सोपी टेस्ट, २ ते ७ दिवस संबंध न ठेवता द्यायची. आमच्याकडे दीड वर्ष मीच गोळ्या खात होते, रिपोर्ट काढला तर काउंट ह्यांचाच कमी. पुरुषाचं वयही चाळीस-पंचेचाळीसनंतर मोजलं जातं. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे तंबाखू आज सोडली तरी फरक तीन महिन्यांनी दिसणार, तेव्हा आजच सोडा.

बाईसाठी एएमएच (रक्तातल्या एका हार्मोनची टेस्ट), थायरॉईड, सोनोग्राफी. एएमएच कमी आला म्हणून रडत बसू नका, तो बीजं किती उरली ते सांगतो, चांगली की वाईट ते नाही. फॉलिक ॲसिड प्रयत्न सुरू करायच्या आधीपासूनच घ्या. नंदुरबार, धुळ्याकडे आदिवासी पट्ट्यात सिकलसेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) बराच आहे, दोघांचीही ती टेस्ट करा. आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) कोणी म्हणत असेल "नंतर बघू", तर कायद्यानं बाईला ५० आणि पुरुषाला ५५ ची मर्यादा आहे, पण स्वतःच्या बीजांवर ते जमायचे चान्स त्याच्या कितीतरी आधी घसरतात, आयव्हीएफ वय मागे नेत नाही.