ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते, तेव्हा काय तपासावे

इंदूरमधल्या पलासियाच्या चौकात सिग्नल हिरवा होतो, आपण ॲक्सिलरेटर दाबतो, आणि गाडी आधी दम घेते व मग झटका देऊन पुढे जाते. गॅरेजमध्ये मात्र आपण 'गाडी पिकअप घेत नाही' एवढेच सांगतो. मग मेकॅनिक प्लग, फिल्टर, पंप अशा क्रमाने सुटे भाग बदलत जातो आणि त्यांतला एखादा योगायोगाने लागू पडतो. त्यापेक्षा गाडी नेमकी केव्हा अडखळते, हे आधी स्वतः टिपून घ्यावे. पुढील माहिती फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांपुरतीच आहे.

सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, इंजिन गरम झालेली गाडी सुपर कॉरिडॉरवर न्यावी आणि तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगावर असताना एकदा हळू व एकदा झटकन ॲक्सिलरेटर दाबून पाहावा. पाय दाबल्याबरोबर गाडी अडखळते पण नंतर सुरळीत पळते, असे असेल तर पहिला संशय हवेच्या बाजूवर घ्यावा : थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागात) साचलेला कार्बन, त्या झडपेची स्थिती सांगणारा थ्रॉटल पोझिशन सेन्सर, हवा मोजणारा सेन्सर (एअर-फ्लो किंवा मॅप) किंवा कुठेतरी असलेली हवेची गळती. दुसरी परीक्षा खंडवा रोडवर, सिमरोलच्या पुढे भेरू घाटात होते. तिथे चढावर पाय पूर्ण दाबूनही गाडी मरगळत जात असेल, तर इंधन कमी पडते आहे किंवा धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला आहे. तुटक तुटक झटके बसत असतील, ज्याला आपल्याकडे 'मिसिंग' म्हणतात, तर ठिणगीत खोट आहे. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) चढतो पण वेग वाढत नाही, अशी स्थिती असेल तर क्लच घसरतो आहे, आणि मग इंजिन उघडण्यात अर्थ नाही.

सीएनजी किट असलेल्या गाडीत हीच परीक्षा दोन्ही इंधनांवर करावी. केवळ गॅसवर झटके बसतात म्हणून किटला लगेच दोष देऊ नये, कारण गॅस पेटवायला ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते आणि झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो पण गॅसवर उघडा पडतो. प्लग आणि त्याला व्होल्टेज देणारी कॉइल ठीक निघाल्यावरच गॅसचा फिल्टर आणि गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर पाहावा.

यानंतर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडावा. मोबाइलशी जोडला जाणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरही पुरतो. पी०३०१ ते पी०३०४ हे कोड कोणता सिलिंडर मिस होतो ते सांगतात, तर पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. पण कोडपेक्षा मला फ्युएल ट्रिमचे आकडे, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो ते, अधिक उपयोगी वाटतात. शॉर्ट (त्या क्षणाच्या) आणि लाँग (दीर्घकाळच्या) ट्रिमची बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावी. एअर-फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ही बेरीज आयडलिंगला अधिक २० असून २,५०० आरपीएमला खाली येत असेल, तर गळती इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, बाजूला आहे. उलट भार वाढेल तशी ती चढत असेल, तर इंधनपुरवठा कमी आहे किंवा सेन्सर मळला आहे. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) असलेल्या गाडीत इग्निशन चालू व इंजिन बंद ठेवून दाब वाचावा. पुस्तकात सुमारे १०१ किलोपास्कल लिहिलेले असते, पण इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने इथे साधारण ९५ हाच बरोबर आकडा आहे. तेवढ्यावरून सेन्सर बदलू नये.

माझ्या गाडीत आकडे उभ्या स्थितीत अगदी व्यवस्थित दिसत होते, म्हणून एका गॅरेजने फ्युएल पंप बदलला आणि गाडी पूर्वीसारखीच अडखळत राहिली. शेवटी एअर फिल्टरच्या डब्यातून थ्रॉटलकडे जाणारी घड्यांची रबरी नळी काढून दोन्ही हातांनी वाकवली, तेव्हा खालच्या बाजूच्या घडीत बोटभर चीर उघडली. पाय दाबला की इंजिन माउंटिंगवर थोडे कलते, नळी ताणली जाते, चीर उघडते आणि सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते. इंजिन स्थिर झाले की ती पुन्हा मिटते. ही नळी जागेवर ठेवून नुसती पाहू नये, काढून वाकवावी.

ठिणगीची तपासणी पैसे न खर्चता होते. पी०३०२ आला असेल, तर इंजिन थंड व इग्निशन बंद असताना दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर बसवावी, कोड पुसावा आणि फेरी मारावी. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब आहे. पी०३०२ च राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर पाहावा. प्लग काढल्यावर टोकाइतकेच त्याच्या पांढऱ्या चिनी मातीकडे लक्ष द्यावे, कारण तिच्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून पळते आहे, आणि मग प्लगबरोबर कॉइलचे रबरी बूटही बदलावे लागते. नवा प्लग आधी हातानेच फिरवून बसवावा.

थ्रॉटल बॉडी तिच्याच क्लीनरने पुसावी, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाती इग्निशन चालू असताना बोटाने ढकलू नये, आणि एअर-फ्लो सेन्सरच्या तारेला कापड लावू नये. इंधनाचा दाब मात्र गॅरेजमध्येच गेज लावून मोजून घ्यावा, कारण दाबाखालचे पेट्रोल गरम इंजिनवर उडणे धोक्याचे असते.

दुरुस्तीनंतर कोड पुसून पुन्हा भेरू घाटातच जावे, गिअर आणि वेग पहिल्यासारखेच ठेवावे, आणि शेजारी बसलेल्या व्यक्तीला ट्रिमचे आकडे वाचायला सांगावे.