बॉबिन लेस शिकताना या चुका टाळा

बॉबिन लेस म्हणजे उशीवर लावलेल्या नमुन्याच्या कागदावर टाचण्या टोचत, बॉबिनवर (छोट्या दांड्यांवर) गुंडाळलेले धागे एकमेकांत विणून केलेली लेस. तिच्यात हाताच्या हालचाली दोनच: क्रॉस आणि पीळ. दोन जोड्या, म्हणजे चार बॉबिन, समोर घ्या आणि डावीकडून 1, 2, 3, 4 मोजा. 2 नंबर 3 वरून नेला की क्रॉस. 2 नंबर 1 वरून आणि 4 नंबर 3 वरून नेला की पीळ. सगळी लेस या दोन हालचालींतूनच होते. तरी पहिल्या पट्टीत भोकं पडतात आणि कड नागमोडी होते. ही चूक दिसते तिथे क्वचितच झालेली असते. बहुतेकदा ती दोन-तीन टाचण्या वर सापडते, म्हणून बिघाड दिसला की आधी नजर वर न्या.

आकडे बॉबिनला चिकटवणं. आकडे जागेचे असतात, बॉबिनचे नाहीत. क्रॉस झाला की तिसऱ्या जागी आलेला बॉबिन 3. बॉबिनवर नंबरचे स्टिकर लावले तर दुसऱ्याच टाक्याला गोंधळ उडतो. त्यापेक्षा एक जोडी वेगळ्या रंगाच्या धाग्याची घ्या आणि तिला आडवं चालवा. क्लॉथ स्टिचमध्ये (क्रॉस, पीळ, क्रॉस) ही जोडी विणकामातल्या बाण्यासारखी या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला हवी. रंगीत धागा मध्येच उभ्या धाग्यांत लोंबू लागला, तर त्याच जागी एखादी हालचाल राहिली आहे. हाफ स्टिचमध्ये (क्रॉस, पीळ) मात्र जोडीतला एकच धागा आडवा जातो, दुसरा तिरका उतरतो. ही चूक नव्हे. तिला चूक समजून चांगलं काम उसवणारे पुष्कळ असतात.

धागा आणि नमुना न जुळणं. धागा जाड झाला तर जाळी दाटते, बारीक झाला तर लेस लिबलिबीत होते. धागा मोजपट्टीवर शेजारी-शेजारी, न दाबता गुंडाळून पाहा. टॉर्शन लेससाठी (सोप्या, भौमितिक नमुन्यांचा बॉबिन लेसचा प्रकार) सरळ कडेच्या दोन लागोपाठ टाचण्यांमधल्या अंतरात साधारण 10 ते 12 वेढे बसले, तर जोड जमला. नमुना फोटोकॉपीत लहान-मोठा केलात, तर ही तपासणी पुन्हा करा.

बॉबिन भरण्यातली घाई. सगळे बॉबिन एकाच दिशेने, एकसारख्या ताणाने भरा आणि शेवटी मानेवर फास घाला. वेढ्यांच्या दिशेशी न जुळणारा फास सुटतो आणि बॉबिन खाली घसरतो. कामापासून बॉबिनपर्यंत 8 ते 10 सेंमी धागा मोकळा ठेवा. जास्त असेल तर गुंता होतो, कमी असेल तर ताण देताना टाचणीच वाकते. आणि आडव्या जोडीवर धागा भरपूर घ्या. उभा धागा लेसच्या लांबीपेक्षा थोडाच जास्त लागतो, आडवा कित्येक पट.

ताण. इथे सगळ्यात जास्त बिघडतं. क्लॉथ स्टिचच्या पट्टीची कंबर बारीक झाली, तर आडवी जोडी जास्त ओढली गेली आहे. उभ्या धाग्यांत फटी पडल्या, तर उभे धागे सैल आहेत. प्रत्येक टाक्याला हिसका देऊ नका. ओळ पूर्ण करा, टाचणी लावा, आडवी जोडी टाचणीला वळसा घालून हलकेच धरा आणि मग उभ्या जोड्या खाली ओढून सरळ करा. टाचणीआधी ओढलं तर टाका जागा सोडतो.

कडेच्या टाचण्या बाहेरच्या बाजूला आणि किंचित मागे झुकवा, कारण धागे त्यांना सतत आत ओढतात. उशी गच्च भरलेली नसेल तर टाचणी डुलते. मग ताण कितीही नीट दिलात तरी कड वाकडी येते. मऊ उशीवर महिनाभर झगडण्यापेक्षा ती पुन्हा भरलेली बरी. पुढे टाचण्या कमी पडल्या तर मधल्या काढा, कडेच्या मात्र निदान 5 ते 7 सेंमी मागेपर्यंत राहू द्या.

जाळीत टाचणीनंतरचा टाका विसरणं. टॉर्शनच्या साध्या जाळीचा क्रम क्रॉस-पीळ, टाचणी, क्रॉस-पीळ असा. दुसरा भाग राहिला तर टाचणी काढताच तिथे मोठं भोक पडतं. प्रत्येक टाचणीला एक जोडी वरच्या डाव्या बाजूने आणि एक वरच्या उजव्या बाजूने तिरकी यायला हवी. एकच आली किंवा तिसरी हजर असली, तर पुढे जाऊ नका, मागच्या तिरप्या ओळीत चूक आहे. काही परंपरांत आधी पीळ, मग क्रॉस करतात. दोन ठिकाणचे नमुने एकत्र वापरताना हे तपासा, नाहीतर सांध्यावर एक पीळ जास्त किंवा कमी होतो.

धागा तुटल्यावर जाळीत गाठ मारणं. ती दिसते आणि टोचतेही. नवा बॉबिन मागच्या एखाद्या टाचणीला अडकवा, नवा धागा जुन्या धाग्याबरोबर जोडून क्लॉथ स्टिचच्या भागात 2-3 सेंमी एकत्र विणा, मग जुना बाजूला काढा. टोकं लेस उशीवरून काढल्यावर कापा. तुटलेला धागा फारच आखूड उरला असेल तर क्लॉथ स्टिचपर्यंत उसवा.

उसवताना क्रम उलटा. शेवटची हालचाल आधी: पीळ सोडायला डावा उजव्यावरून, क्रॉस सोडायला उजवा डाव्यावरून. टाचणी आली की आधी तिच्या खालचा टाका सोडा, मग टाचणी काढा, मग वरचा टाका.