पोर्सेलीन टाइल कापताना: पाण्याचा कटर की कोरडा?

पाण्याचा कटर घ्यावा की कोरडा, असे विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा दोन यंत्रे असतात. प्रत्यक्षात ती तीन आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. ‘कोरडा कटर’ म्हणजे कधी चाकाने चरा पाडून टाइल मोडणारा हातकटर असतो, तर कधी पाण्याशिवाय चालवलेला, फिरत्या पात्याचा ग्राइंडर किंवा मार्बल कटर. पहिल्याने धूळ जवळजवळ होत नाही, दुसऱ्याने खोली पांढरी होते. या दोहोंना एकाच नावाने ओळखणे धोक्याचे आहे.

दुकानात व्हिट्रिफाइड म्हणून मिळणारी टाइल पोर्सेलीनच्याच वर्गातली असते. ती सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजलेली असते आणि स्वतःच्या वजनाच्या ०.५ टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही. या घट्टपणामुळे ती कठीणही असते आणि ठिसूळही. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलवर निभावून जाणारे बोथट चाक हिच्यावर नुसते घसरते.

भिंतीलगतच्या सरळ कापांसाठी हातकटरच घ्यावा. मात्र त्याची लांबी टाइलपेक्षा जास्त हवी. दोन बाय चारच्या, म्हणजे ६०० × १२०० मिलिमीटरच्या टाइलला लांबीत कापायचे असेल, तर दोन फुटी कटर उपयोगाचा नाही. चरा एकाच दमात, एकसारख्या दाबाने, या कडेपासून त्या कडेपर्यंत पाडावा. चाक नीट चालत असेल, तर मध्ये न तुटणारा बारीक ‘कर्रर्र’ आवाज येतो. तो मध्येच थांबला, तर तिथे चरा पडलेला नाही असे समजावे. त्याच रेघेवर पुन्हा पुन्हा चाक फिरवल्यास टाइल वेडीवाकडी मोडते. इंचाहून अरुंद पट्टी मात्र या कटरने सहसा सरळ निघत नाही.

अशी पट्टी, एल आकाराचा काप, स्विचबोर्डची खिडकी किंवा कोपऱ्यासाठी ४५ अंशांत घासलेली कड हवी असेल, तेव्हा पाण्याचा टेबल कटर लागतो. त्याला सलग कडेचे डायमंड पाते बसवावे. खाचा असलेले पाते काँक्रीटसाठी ठीक, पण पोर्सेलीनच्या कडेचे ते टवके उडवते. पाणी पाते थंड ठेवते, धूळ जागीच बसवते आणि कड स्वच्छ राखते. टाइलची दर्शनी बाजू वर ठेवावी आणि टाइल सावकाश, पात्याला जोर न देता पुढे सरकवावी. शेवटच्या दोन इंचांत कोपरा तुटण्याची भीती सर्वांत जास्त असते. म्हणून आधी पलीकडच्या कडेतून थोडा काप घेऊन मग अलीकडून त्याला येऊन मिळावे.

एल कापाच्या बाबतीत मी स्वतः एक टाइल गमावली आहे. स्वयंपाकघरातल्या प्लगपॉइंटसाठी दोन काप काटकोनात नेऊन मिळवले. टाइल अखंड दिसली, पण भिंतीवर दाबताच आतल्या कोपऱ्यातून केसासारखी चीर वरपर्यंत गेली. तेव्हापासून आतल्या कोपऱ्यात आधी ६ किंवा ८ मिलिमीटरचे भोक पाडतो आणि दोन्ही काप त्या भोकातच थांबवतो. ताण गोलाईत विभागला जातो, टोकावर साठत नाही.

कोरड्या पात्याचा उपयोग पाइपभोवतीच्या एखाद्या वळणापुरता, तोही घराबाहेर उघड्यावर करावा. टाइलच्या भुकटीत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोल जाऊन सिलिकोसिस हा आजार होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. किमान एन९५ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा, आणि मिस्त्रीबरोबरच टाइल धरून बसलेल्या मदतनिसालाही तो हवा. बंद बाथरूममध्ये दिवसभर हे काम करणाऱ्यांना आपण मास्क देत नाही, ही गोष्ट मला फार लागते.

यावर उपाय म्हणून झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीने चालू ग्राइंडरवर पाणी सोडले जाते. धूळ कमी होते, पण पाणी मोटरमध्ये शिरून विजेचा धक्का बसू शकतो. ओल्या कामासाठी पाण्याची नळी जोडण्याची सोय असलेले यंत्रच वापरावे, ते ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, चालवावे आणि वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल.

कटरच्या टाकीत साठलेला पांढरा गाळ मोरीत ओतू नये, कारण तो पाइपात बसून घट्ट होतो. बादलीत रात्रभर ठेवल्यास गाळ तळाला बसतो. वरचे पाणी हलक्या हाताने निथळून घ्यावे आणि खालचा थर ओला असतानाच पिशवीत भरून डेब्रिजबरोबर द्यावा. तो वाळू दिला, तर झाडताना तीच धूळ पुन्हा हवेत उडते.