लॉख कॅट्रिनची सायकल-फेरी: स्कॉटिश हायलँड्समधला पहिला दिवस कसा आखावा

स्कॉटलंडला सायकल चालवायला जायचं ठरलं की पहिलं नाव निघतं ते नॉर्थ कोस्ट ५०० चं. उत्तर किनाऱ्याला वळसा घालणारा हा सुमारे ८३० किलोमीटरचा रस्ता देखणा आहे, यात वाद नाही. पण उन्हाळ्यात त्या अरुंद रस्त्यावर मोटरहोमची गर्दी असते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यानं तिकडे धावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी ग्लासगोच्या उत्तरेला ट्रॉसॅक्स भागात जा. ॲबरफॉयल गावातून निघायचं, लॉख कॅट्रिन या सरोवराला वळसा घालायचा आणि परत ॲबरफॉयलला यायचं. फेरी साधारण ५० किलोमीटरची. तेवढ्यात एक घाट लागतो, ओकची जुनी जंगलं लागतात, लहानमोठी सरोवरं लागतात, आणि जवळजवळ २० किलोमीटर असा डांबरी रस्ता मिळतो जिथे बाहेरच्या मोटारींना प्रवेशच नाही. मागून येणाऱ्या गाडीकडे कान न ठेवता डोंगर बघत सायकल चालवायला मिळणं, हे मला या फेरीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. खालची सगळी आखणी त्या २० किलोमीटरना पुरेसा वेळ मिळावा म्हणूनच केली आहे.

आधी महिना ठरवा

मे महिना उत्तम. नाहीच जमलं तर जूनचा पहिला पंधरवडा. मेमध्ये ओकला कोवळी पालवी फुटलेली असते, झाडांखाली ब्लूबेलची निळी फुलं पसरलेली असतात आणि दिवस मोठा मिळतो. जूनच्या मध्याला तर पहाटे साडेचारला सूर्य उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. दुसरा चांगला काळ ऑक्टोबरचा. बर्चची पानं पिवळी पडतात, डोंगरउतारावरचं नेचं तांबूस होतं, गर्दी ओसरते. दिवस मात्र झपाट्यानं लहान होत जातो. डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्याचा विचार करू नका.

जुलै-ऑगस्ट टाळायला सांगतो ते मिजमुळे. हे जेमतेम दोन मिलिमीटरचं चिलट आहे, पण येतं ते थव्यानं, आणि केसांच्या मुळाशी, कानामागे, मनगटावर चावत सुटतं. सायकल चालती असेपर्यंत त्याचा त्रास नाही. थांबलात, त्यातही पंक्चर काढायला झाडाखाली बसलात, की मिनिटभरात चेहरा काळवंडतो. वारा ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर गेला की मिजना उडता येत नाही. म्हणून विश्रांतीची जागा निवडताना सावली किंवा पाण्याचा निवांत काठ बघू नका, उघड्यावरची वाऱ्याची जागा बघा. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी मुठीत मावते आणि तिला वजन म्हणून नसतं. ती खिशात हवीच.

पाऊस कुठल्याही महिन्यात येऊ शकतो. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तिथला वर्षभर वाटून पडतो आणि बऱ्याचदा नुसती भुरभुर असते. ती फसवी असते. हवा दहा-बारा अंशांची, अंग ओलं आणि समोर उतार असला की बोटं बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाही. भिजण्यापेक्षा हा गारठा जास्त धोक्याचा.

सायकल आणि सामान

साधी रोड बाइक चालते. टायर २८ मिलिमीटरचे किंवा त्याहून रुंद असावेत, कारण तिथलं डांबर खरखरीत असतं आणि कडेला खडी साचलेली असते. गिअर हलके ठेवा: पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे ३२ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, असेल तर गुडघे सुखात राहतात. ओल्या उतारासाठी डिस्क ब्रेक चांगले. मडगार्ड लावाच.

सिंहगडाचा घाट न उतरता चढणाऱ्याला इथला घाट जड जाणार नाही. पण लॉख कॅट्रिनच्या काठचा रस्ता सतत वरखाली होतो. एक तीव्र चढ संपतो न संपतो तोच दुसरा समोर येतो, आणि दमवतो तो हाच प्रकार. त्याचा सराव सिंहगडापेक्षा कोकणच्या किनारी रस्त्यावर, गुहागर-हेदवीच्या बाजूला, जास्त चांगला होतो.

कपड्यांत वॉटरप्रूफ जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि एक कोरडा थर प्लॅस्टिकच्या पिशवीत. दुरुस्तीसाठी दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप आणि मल्टीटूल. दिवे दिवसाही लावावेत. अंधार पडल्यावर पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असणं ब्रिटनमध्ये कायद्यानं सक्तीचं आहे. खाणं थोडं जास्तच घ्या. शेंगदाण्याची चिक्की या हवेत मऊ पडत नाही आणि चढावर पटकन कामी येते.

ॲबरफॉयलला पोचणं

ॲबरफॉयलला रेल्वे नाही. ग्लासगोहून बॅलोखपर्यंत लोकल गाडीनं जाता येतं. स्कॉटरेलच्या गाड्यांत सायकलचं वेगळं भाडं पडत नाही, पण जागा मोजक्या असतात, म्हणून गर्दीच्या वेळा टाळा. बॅलोखपासून ड्रायमेनमार्गे ॲबरफॉयलपर्यंत राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक ७ आहे. अंतर तिशीच्या घरात, आणि काही भाग जंगलातल्या खडीच्या वाटेचा. हे अंतर आदल्या दिवशी कापा आणि मुक्काम ॲबरफॉयललाच करा. त्याच दिवशी बॅलोखहून येऊन फेरीही उरकायची असा बेत केलात, तर कॅट्रिनच्या काठावर घड्याळ बघत पॅडल मारावं लागेल. मग एवढ्या लांब येण्यात अर्थ काय?

तंबू टाकायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. २००३ च्या कायद्यानं स्कॉटलंडमध्ये मोकळ्या रानात जबाबदारीनं मुक्काम करायचा हक्क दिलेला आहे. मात्र लॉख लोमंड आणि ट्रॉसॅक्स राष्ट्रीय उद्यानात, सरोवरांच्या काठच्या ठरावीक पट्ट्यांत, १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात त्यासाठी परवाना लागतो.

फेरी: घड्याळाच्या उलट दिशेनं

दिशा महत्त्वाची आहे. इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा असतो. आधी घाट, मग सरोवराचा उत्तर काठ आणि शेवटी दक्षिणेकडून परत, असं गेलात तर समोरचा वारा दिवसाच्या पूर्वार्धात, पाय ताजे असताना मिळतो, आणि परतीच्या रस्त्यावर तो पाठीशी नाहीतर बाजूला राहतो.

सकाळी आठाच्या आत निघा. गावातून बाहेर पडताक्षणी ड्यूक्स पास हा घाट सुरू होतो. हायलँड्स आणि सखल प्रदेश यांच्या सीमेवरचा भूस्तरभंग, म्हणजे जमिनीच्या थरांतली मोठी चीर, ॲबरफॉयललाच आहे, त्यामुळे चढ हळूहळू येत नाही, थेट अंगावर येतो. सुरुवातीची वळणं सगळ्यात खडी आहेत. तिथे सर्वांत हलक्या गिअरवर, बोलता येईल एवढ्याच दमानं चढा. वनखात्याचं माहिती केंद्र मागे पडलं की चढ सौम्य होतो. माथा २४० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या घाटांच्या मानानं ठेंगणाच, पण वर पोचल्यावर झाडी बाजूला होते आणि समोर बेन व्हेन्यूचा ७२९ मीटरचा खडकाळ माथा उघडा पडतो. इथे थांबा. वारा असतो, मिज नसतात.

पलीकडचा उतार नागमोडी आहे आणि ओला असला तर निसरडा. वळणाच्या आधी ब्रेक दाबा, वळणात नको. खाली लॉख अक्रे दिसू लागलं की डावीकडे लॉख कॅट्रिनचा फाटा येतो. तिथल्या बोटीच्या धक्क्यापर्यंत सुमारे ११ किलोमीटर झालेले असतात. चहा घ्या, बाटल्या भरा, कारण पुढचे २१ किलोमीटर दुकान नाही.

आता तो रस्ता. लॉख कॅट्रिन हा ग्लासगोचा पाणवठा आहे. कॉलऱ्यानं आणि घाणेरड्या पाण्यानं गांजलेल्या शहरासाठी इथून नळयोजना आखली गेली आणि १८५९ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते ती सुरू झाली. पाणी आजही नुसत्या उतारानं, पंपाविना, ४० किलोमीटरवरच्या मिल्गाय जलाशयांकडे वाहतं. काठचा रस्ता पाणीपुरवठा संस्थेचा असल्यामुळे तिथे रहिवासी आणि कर्मचारी यांच्याच गाड्या असतात. एका शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी जपलेल्या काठाचा हा लाभ सायकलवाल्यांना मिळतो आहे, तेव्हा कचरा, शेकोटी, साबण यांतलं काहीही तिथे करू नका.

या पट्ट्याला किमान अडीच तास द्या. पहिला भाग ओक आणि बर्चच्या दाट झाडीतून जातो. हे ओक एके काळी सालीसाठी तोडले जात, कातडी कमावायला ती साल लागे, आणि बुंध्यातून पुन्हा फुटवे येऊ देत. एकाच बुडख्यातून तीन-चार खोडं वर गेलेली दिसली की समजा, हे जुनं कापलेलं झाड आहे. खोडांवर जाड शेवाळ असतं. झाडी संपली की डोंगर उघडे होतात, मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात. घंटी वाजवून त्यांना पळवू नका. मेंढी घाबरली की नेमकी चाकापुढे धावते. वेग कमी करून एका बाजूनं निघून जा.

कॅटल ग्रिड लागतील: जनावरांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यात आडवे टाकलेले लोखंडी रूळ. त्यांच्याशी काटकोन करून, सरळ, मध्यम वेगानं जा. वर असताना पॅडल मारू नका, हँडल वळवू नका, ब्रेक दाबू नका. पावसात ते गुळगुळीत होतात. धीर होत नसेल तर उतरून बाजूच्या फाटकातून जा आणि फाटक पुन्हा लावा.

पश्चिम टोकाच्या अलीकडे पोर्टनेलनला पाण्यात शिरलेली छोटी दगडी दफनभूमी दिसते. ती मॅकग्रेगर घराण्याची. पाणीयोजनेसाठी सरोवराची पातळी वाढवली तेव्हा ती उंच करून तिला दगडी वाट जोडली. पुढे ग्लेनगाइल, जिथे १६७१ मध्ये स्कॉटलंडच्या लोककथांतला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर जन्मला. तिथून वळसा घालून रस्ता स्ट्रोनाक्लाखरच्या धक्क्यावर येतो. जेवण इथे करा.

दमलात किंवा हवा बिघडली तर मोसमात या धक्क्यावरून बोटीनं परत पहिल्या धक्क्याला जाता येतं, सायकलसकट. फेऱ्या मोजक्या असतात, वेळापत्रक सकाळीच बघून ठेवा. याच सरोवरासाठी १८९९ मध्ये बांधलेली ‘सर वॉल्टर स्कॉट’ ही आगबोट इथे कशी आणली ते ऐकण्यासारखं आहे. डंबार्टनला ती सुटी केली, लॉख लोमंडवरून इन्व्हरस्नेडपर्यंत पाण्यानं नेली, आणि तिथून घोडागाड्यांवर चढवून डोंगर ओलांडला. पायांत ताकद उरली असेल तर तोच रस्ता तुम्हीही बघू शकता. स्ट्रोनाक्लाखरहून थोडं पुढे तिठा आहे. उजवीकडे लॉख आर्कलेटच्या काठानं सहा-सात किलोमीटरवर इन्व्हरस्नेड. शेवटचा उतार मोठा आहे आणि येताना तोच चढायचा आहे, एवढं लक्षात घेऊन ठरवा.

तिठ्यावर डावीकडे वळलात की ॲबरफॉयल, साधारण १८ किलोमीटर. इथून मोटारी पुन्हा सुरू होतात आणि रस्ता अरुंद आहे. जागोजागी पासिंग प्लेस, म्हणजे बाजू द्यायला केलेले फुगवटे आहेत. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. समोरून गाडी आली आणि फुगवटा तुमच्या डाव्या हाताला असेल तर त्यात शिरा. उजव्या हाताला असेल तर डावीकडेच थांबा, गाडी तिकडे वळेल. मागे गाडी रेंगाळत असेल तर तिलाही पुढे जाऊ द्या, आणि हात वर करून दाद द्या. इथे सगळेच तसं करतात.

लॉख चॉन आणि लॉख आर्डच्या बाजूनं जाताना जंगलात मधूनच दगडी मनोरे दिसतात. तुमच्या पायाखालून ग्लासगोला निघालेल्या पाण्याच्या बोगद्यांची ती हवेची तोंडं.

या भागात मोबाइलची रेंज भरवशाची नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा, मुक्कामाच्या ठिकाणी परतायची वेळ सांगून निघा. तातडीच्या मदतीसाठी ९९९ किंवा ११२.

मुक्कामी पोचल्यावर साखळी पुसून तेल द्या आणि मग अंग तपासा. नेच्यात किंवा गवतात बसला असाल तर गोचीड चिकटलेली असू शकते, विशेषतः गुडघ्यामागे आणि कमरेच्या पट्ट्याखाली. बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, पिळू नका, तेल किंवा काडी लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल लाल चट्टा पसरू लागला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा आणि स्कॉटलंडमध्ये गोचीड चावली होती हे आवर्जून सांगा. भारतातल्या डॉक्टरांच्या मनात लाइम रोग पटकन येणार नाही.