अडचणीच्या दिवसांत देवापाशी कसं बसावं

2019 च्या दिवाळीत आमचं काढून ठेवलेलं सोयाबीन भिजलं. ताडपत्री उचलली तर शेंगांतच कोंब फुटलेले. त्याच महिन्यात मालकांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली. देवापाशी बसायला मी तेव्हा नव्यानं शिकले. आमच्या गंगाखेडकडच्या बाया विचारतात, त्यांना हेच सांगते.

वेगळा वेळ काढायच्या मागं लागू नका, तो मिळत नाही. रोजच्या एका कामाला नाम जोडा. इथंच गंगेकाठी, म्हणजे गोदावरीच्या काठी, जन्मलेल्या जनाबाईंनी पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळताना-कांडताना विठ्ठल आळवला. माझ्या घरात आता जातं नाही, म्हणून मी भाकरी थापताना नाम घेते. पहिली तव्यावर पडली की सुरू, शेवटची दुरडीत गेली की झालं. जीभ नाम घेते अन् मन सावकाराच्या दारात जाऊन बसतं, तरी नाम सोडायचं नाही.

देवापुढं खोटं बोलू नका. मी हात जोडून 'तुझी कृपा' म्हणायचे आणि पोटात राग. कार्तिकातल्या एका पहाटे काकड्याला सगळे भजनात दंग होते. मी खांबाआड उभी राहून म्हणाले, "लेकरांच्या तोंडचा घास का काढलास रे?" लई रडले. घरी आले तर सोयाबीन तसंच सडलेलं, मालक तसेच बाजेवर. पण कुणीतरी माझं पुरतं ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

आता वाट कशी विचारायची ते. आमच्यापुढं प्रश्न होता, दोन एकर विकायचे का? एकादशीला मी तो एकाच वाक्यात विठ्ठलापुढं मांडला आणि पुढच्या एकादशीपर्यंत कुणालाच होकार द्यायचा नाही असं ठरवलं. त्या पंधरा दिवसांत लेकीच्या वहीत कर्ज, व्याज, औषधं असं सगळं लिहून काढलं. आत्याबाईंना विचारलं, थोरल्या भायांना विचारलं. रात्री दोनला वाटायचं, विकून मोकळं व्हावं. काकड्याहून येताना, उजाडल्यावर, ते पटायचं नाही. तसं रोज झालं, तेव्हा कळलं की विकायचं म्हणणारी माझी भीती होती. वावर बटईनं दिलं. पैसे घेऊन देवाचा निरोप सांगणारेही येऊन गेले. त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवा.

आणि जीव द्यावा असं मनात आलं, तर एकट्यानं देवासमोरही बसू नका. घरातल्या माणसाला उठवा, 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीच्या, नंबरवर फोन लावा. तिथं पैसे लागत नाहीत.

हरिपाठ पूर्ण होत नसेल तर पहिला अभंग म्हणा, पण मोठ्यानं, आपल्या कानावर पडेल असा. घरात आजारी माणूस असेल तर त्याच्या उशाशी बसून म्हणा. मी रोज दिवेलागणीला मालकांजवळ बसायचे. पुढच्या ओळी मला आठवत नसत, म्हणून 'हरि मुखे म्हणा' एवढंच घोळवत राहायचे. माघात एका संध्याकाळी मी मधेच थांबले, तर बाजेवरून आवाज आला, "हरि." लेक चुलीपुढून धावत आली. आम्ही दोघी त्यांच्याकडून तेच पुन्हा पुन्हा म्हणवून घेत बसलो, भाकर तव्यावर करपली तरी.