हायब्रिड गाडीचा ब्रेक शेवटच्या क्षणी झटका देतो? आधी कॅलिपर पाहा

तक्रार एकच: सिग्नलजवळ गाडी छान हळू होते, पण थांबता थांबता ब्रेक एकदम पकडतो. कारण साधं आहे. वेग असताना हायब्रिडची इलेक्ट्रिक मोटर जनरेटर बनून गाडी रोखते. वेग अगदी कमी झाला की काम पॅड-डिस्कवर येतं: कॅलिपर हा भाग पॅडना चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दाबतो. पॅड एरवी फारसे वापरलेच जात नाहीत. त्यात मुंबईचा पावसाळा आणि खारी हवा! डिस्कवर तांबूस गंज चढतो, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन जाम होतात, आणि ब्रेक सुरळीत न लागता एकदम पकडतो.

माझ्या गाडीत मागच्या डाव्या कॅलिपरची खालची पिन हाताने हलतच नव्हती. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा स्पष्ट जास्त झिजला होता. पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं ग्रीस नको, रबर फुगतं), पॅडच्या कडांचा गंज वायर ब्रशने काढला. झटका गेला.

एक गोष्ट जिवाची: काही हायब्रिडमध्ये दार उघडताच ब्रेकचा पंप प्रेशर भरतो. कॅलिपर खोलायच्या आधी स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) सर्व्हिस मोड लावाच, म्हणजे पंप आपोआप चालू होणार नाही; नाहीतर पॅड दाबणारा पिस्टन बाहेर येईल, बोट अडकेल. ब्लीडिंगही (ब्रेक ऑइलमधली हवा काढणं) स्कॅनरनेच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून इथे दोन वर्षांनी बदलावं.

घाट उतरताना बॅटरी भरली की मोटरने बनवलेली वीज ठेवायला जागा नसते, म्हणून मोटरची रोख कमी होते आणि पेडलचा अंदाज बदलतो. तो बिघाड नाही.