घरी रिब्रीदर जोडताना या चुका टाळा

साध्या स्कूबा संचातला बिघाड सहसा लपत नाही. हवा सुटल्याचा आवाज येतो किंवा श्वास ओढणे जड जाते आणि पाणबुड्या वर येतो. सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणाऱ्या रिब्रीदरमध्ये मात्र वायू प्राणघातक झालेला असतानाही श्वास अगदी सहज चालू राहू शकतो. घरगुती जोडणीतल्या बहुतेक चुका या एका गोष्टीचे भान सुटल्याने होतात.

सर्वाधिक हेळसांड कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या डब्याची होते. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात सोडा लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषणारे चुन्याचे दाणे) ओतून झाकण लावले की काम झाले, असा समज असतो. दाणे थोडे थोडे घालून, डबा बाहेरून थोपटत, घट्ट बसवावे लागतात आणि वरून स्प्रिंगच्या दाबाची जाळी लागते. नाहीतर गाडीतल्या हादऱ्यांनी दाणे खाली बसतात, कडेला फट पडते आणि वायू न शोषला जाताच तिच्यातून निघून जातो. बुडाची ओ-रिंग (फट बंद करणारे रबरी कडे) विसरली तरी हेच घडते. भूलयंत्रासाठी मिळणारा सोडा लाइम स्वस्त पडतो म्हणून तो भरणारेही आहेत, पण त्याचे दाणे बहुधा जाडसर असतात, त्यामुळे पाणबुड्यांसाठी मिळणाऱ्या बारीक दाण्यांना सांगितलेला अवधी त्याला लागू होत नाही. रंग बदलण्यावरही विसंबू नये, कारण वापरलेल्या दाण्यांचा रंग नुसते ठेवून दिल्यावर परत फिका पडतो. त्यापेक्षा वापरलेली मिनिटे डब्यावरच्या चिकटपट्टीवर लिहावीत.

फक्त ऑक्सिजनवर चालणारा साधा संच सोपा वाटतो, आणि म्हणूनच तो फसवतो. सुरुवातीला फुप्फुसांत आणि श्वासपिशवीत राहिलेला नायट्रोजन शरीर वापरत नाही. पिशवी त्याच्यामुळे फुगलेली राहते, आत ऑक्सिजन मात्र घटत जातो, आणि कार्बन डायऑक्साइड शोषला जात असल्याने धाप लागत नाही. थेट शुद्ध हरपते. यासाठी सुरुवातीलाच नाकावाटे श्वास बाहेर सोडून पिशवी अनेकदा रिकामी करावी व ऑक्सिजनने भरावी. दुसऱ्या टोकाला खोलीची मर्यादा आहे. ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजनचा दाब १.६ बार होतो आणि त्यापुढे झटके येण्याचा धोका फार वाढतो. मालवणला नवख्यांनाही नेतात ती सात-आठ मीटरची खोली या संचासाठी उथळ नव्हे.

इलेक्ट्रॉनिक संचात ऑक्सिजन सेन्सर तीन असतात, पण तिन्ही एकाच खेपेचे घेतले तर ते एकदमच म्हातारे होतात, आणि बहुमताने आकडा ठरत असल्याने दोन खराब सेन्सर मिळून तिसऱ्या चांगल्याला खोटे पाडतात. हवेत १० मिलिव्होल्ट दाखवणाऱ्या सेन्सरने जमिनीवर शुद्ध ऑक्सिजनमध्ये सुमारे ४७ दाखवायला हवेत. ४० वर अडला तर तो फेकावा. इतके करूनही जमिनीवरच्या तपासणीत १ बारच्या वरची कमजोरी दिसत नाही. असा सेन्सर १.२ बारवर अडकून राहिला आणि सेन्सर पाहून ऑक्सिजन सोडणारा नियंत्रक १.३ ची वाट पाहत असला, तर तो ऑक्सिजन सोडतच राहतो. सेन्सर बंद भांड्यात दाबाखाली तपासणे हाच त्यावरचा उपाय आहे, आणि ती सोय नसेल तर घरगुती नियंत्रकाचा नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑक्सिजनच्या उच्चदाब भागात साधे ग्रीस किंवा तेलाचा हात लागू देऊ नये आणि एका झटक्यात उघडणारा बॉल व्हॉल्व्ह बसवू नये, कारण अचानक दाबला गेलेला वायू तापून आग लागते.

माउथपीसच्या दोन्ही बाजूंच्या पातळ रबरी झडपा दरवेळी तपासाव्यात: आत येणारी नळी हाताने दाबून धरली असता श्वास ओढता येता कामा नये, बाहेर जाणारी दाबली असता सोडता येता कामा नये. एखादी झडप दुमडलेली असेल, तर सोडलेलाच श्वास शोषक डबा चुकवून परत येतो. पाण्यात उतरण्यापूर्वी नाक बंद करून, बसल्या जागी, आकड्यांवर नजर ठेवून काही मिनिटे श्वास घ्यावा. मात्र त्यात काही जाणवले नाही म्हणून शोषक ठीक आहे, असा निष्कर्ष काढू नये.

पाण्याखाली डोके दुखू लागले, धाप लागली किंवा आकडे जुळेनासे झाले, तर त्याच वायूवर श्वास घेत कारण शोधत बसणे ही सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे. वेगळ्या सिलिंडरचा रेग्युलेटर आधी तोंडात घ्यावा, वर यावे आणि दोष काठावर शोधावा.